सुख, हित आणि परदेशातील सेवा : चीनमधील भारतीय वैद्यकीय पथकाचा (१९३८-१९४३) एक पुनर्विचार

प्रस्तावना

परदेशी जाऊन केलेल्या स्वयंसेवेविषयी गेल्या दोन-तीन दशकांत जे लेखन झाले आहे, त्याचा मोठा भाग सेवा करणाऱ्याच्या अनुभवाभोवती फिरतो. सेवेने त्याला काय मिळाले, त्याची जीवनदृष्टी कशी पालटली, आपल्या देशातील समृद्धीपेक्षा परक्या देशातील साधेपणात त्याला अधिक समाधान कसे लाभले, हे त्या लेखनाचे ठरलेले विषय होत. याच काळात सुखाच्या मोजमापाचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. रिचर्ड ईस्टर्लिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये उत्पन्नवाढ आणि सुख यांच्या संबंधाविषयी शंका उपस्थित केली. भूतानने सकल राष्ट्रीय सुखाची कल्पना मांडली व २००८ च्या आपल्या राज्यघटनेत तिला स्थान दिले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०११ मध्ये सुखाविषयी ठराव केला आणि २०१२ पासून जागतिक सुख अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. या अहवालात माणसाला एक शिडी कल्पावयास सांगतात. तिची सर्वांत वरची पायरी दहावी, सर्वांत खालची शून्य. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे ज्याने त्याने सांगावयाचे. परोपकाराचीही नोंद तेथे असते. गेल्या महिन्यात तुम्ही एखाद्या धर्मादाय कार्यास पैसे दिले काय, अशा स्वरूपाच्या प्रश्नावरून औदार्य मोजले जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाला या शिडीविषयी एक साधी अडचण जाणवते. डिसेंबर १९४२ मध्ये हपै प्रांतातील एका डोंगराळ खेड्यात मृत्यू पावलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस या शिडीच्या कोणत्या पायरीवर होते? औषधांचा तुटवडा, वेढा घालणारे जपानी सैन्य, वारंवार येणारे अपस्माराचे झटके, हजारो मैलांवर राहिलेले घर, आणि त्याच वर्षी झालेला मुलगा. या सर्वांची बेरीज-वजाबाकी करून एखादा आकडा काढता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र ज्या अर्थी ते तेथे राहिले, त्या अर्थी त्यांच्या मनात हिताची काहीतरी कल्पना होती, एवढे निश्चित म्हणता येते. ती कल्पना कोणती होती, तिची किंमत कोणी मोजली, आणि आपल्या स्मरणपरंपरेने तिचे काय केले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

सुखवादाची मराठी चिकित्सा

हा प्रश्न मराठी विचारविश्वाला नवा नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी आधिभौतिक सुखवाद आणि सुखदुःखविवेक या विषयांना दोन स्वतंत्र प्रकरणे दिली. बेंथम आणि मिल यांच्या पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या तत्त्वाशी त्यांनी तेथे सविस्तर वाद घातला आहे. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, बाह्य परिणामांची मोजदाद करून कर्माची नैतिक योग्यता ठरत नाही. कर्त्याची बुद्धी कशी होती हे पाहावे लागते. महाभारतातील अश्वमेधाच्या शेवटी येणारी सुवर्णनकुलाची कथा याच जातीची आहे. उंछवृत्तीने राहणाऱ्या दरिद्री कुटुंबाने अतिथीस दिलेले शेरभर सातू युधिष्ठिराच्या यज्ञापेक्षा श्रेष्ठ ठरते, कारण ते देणाऱ्यांजवळ दुसरे काहीच नव्हते.

परंतु केवळ बुद्धीची शुद्धता पाहून भागत नाही, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने दाखवून दिले. अमेरिकेने १९६१ मध्ये शांतिसेना स्थापन केली आणि तिचे हजारो तरुण जगभर, भारतातही, आले; भारतातील तिचे काम १९७६ मध्ये थांबले. याच लाटेत मेक्सिकोकडे निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी कुएर्नावाका येथे जे भाषण केले, ते परदेशी स्वयंसेवेवरील सर्वांत कठोर टीका म्हणून आजही ओळखले जाते. तुमचे हेतू चांगले आहेत, यात मला शंका नाही, पण ज्यांनी तुम्हांस बोलावले नाही, ज्यांची भाषा तुम्हांस येत नाही, ज्यांना तुम्हांस नाकारण्याचीही सोय नाही, त्यांच्यावर तुम्ही आपला चांगुलपणा लादता आहात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाहावयास या, शिकावयास या, मदत करावयास मात्र येऊ नका, असा त्यांचा सल्ला होता.

टिळक कर्त्याच्या बुद्धीकडे पाहावयास सांगतात. इलिच केवळ बुद्धीवर विसंबू नका म्हणतात. या दोन टोकांमध्ये १९३८ चे भारतीय वैद्यकीय पथक ठेवून पाहिले असता काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात.

निमंत्रण

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून चीन-जपान युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. अमेरिकी पत्रकार ॲग्नेस स्मेडली यांनीही या संपर्कासाठी खटपट केली होती. १९३८ चे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले, ठिकठिकाणी चीन दिन पाळले गेले आणि जुलै महिन्यात सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला.

या रकमेकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ज्या देशाच्या स्वतःच्या खेड्यांत डॉक्टर नव्हता, ज्याचे स्वतःचे सरकार नव्हते, त्या देशातील लोकांनी एका दुसऱ्या पीडित देशासाठी काढलेली ही वर्गणी होती. चीनमधील युद्धाच्या व्याप्तीपुढे पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका म्हणजे काहीच नव्हते. मात्र सातूची कथा ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना या काहीच नसण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. शिवाय यात राजकारणही होते. साम्राज्याचा अंकित असलेला देश साम्राज्याला न विचारता स्वतःचे परराष्ट्र धोरण आखत होता. काँग्रेसच्या दृष्टीने हे पथक म्हणजे वैद्यकीय मदत होती, तसाच तो स्वातंत्र्याचा एक उच्चारही होता. या दोन हेतूंपैकी एक खरा आणि दुसरा खोटा असे मानण्याचे कारण नाही.

पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहनलाल अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले होते. त्यांच्याबरोबर नागपूरचे वयाने ज्येष्ठ डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस असे चौघे होते. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले कोटणीस मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथकाने मुंबई सोडली. निरोप देणाऱ्यांत सरोजिनी नायडू होत्या. पाच जणांच्या पथकात दोघे मराठी होते. त्यांपैकी एकाचेच नाव आज आपणास ठाऊक आहे. त्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

येथे एक तुलना सुचते. त्याआधीच्या अर्धशतकात महाराष्ट्राने परदेशी वैद्यकीय सेवा घेणाऱ्याच्या बाजूने अनुभवली होती. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारले व दक्षिण महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांना त्याचा लाभ झाला. त्या सेवेचे मोल मान्य करूनही तिच्यामागे धर्मप्रसाराची प्रेरणा होती, आणि देणारा व घेणारा यांच्यामध्ये राज्यकर्त्या संस्कृतीची छाया होती, हे नाकारता येत नाही. १९३८ च्या पथकाला ती छाया नव्हती. पारतंत्र्यातला माणूस आक्रमणाखालच्या माणसाकडे चालला होता. कोणाला कोणावर उपकार करण्याची ऐपत नव्हती. इलिच यांच्या आक्षेपांपैकी पहिला, न बोलावता जाण्याचा, येथे लागू पडत नाही. दुसऱ्याचे, म्हणजे भाषेचे, काय झाले ते पाहू.

येनान ते गगुंग

सप्टेंबरच्या मध्यास पथक कँटनला पोहोचले. सुंग छिंगलिंग (सुन यत्सेन यांच्या पत्नी) यांनी त्यांचे स्वागत केले. चांगशा, हांकौ, यिचांग असा प्रवास युद्धाच्या पुढे पुढे पळत झाला. ऑक्टोबरात कँटन पडले, पाठोपाठ वूहान पडले, आणि पथक चुंगकिंगला आले. याच सुमारास पाचही डॉक्टरांच्या नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडले गेले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, पोहोचले.

येनानचे जीवन मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या गुहांमधले होते. मुख्य अन्न राळ्याचे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला हे धान्य अगदीच परके वाटले नसावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. तथापि तो तर्कच आहे. निश्चित आहे ते एवढेच की, मुखर्जी आणि चोळकर १९३९ मध्ये परतले, अटल प्रकृतीच्या कारणाने १९४० मध्ये परतले, आणि कोटणीस व बसू राहिले. राहिलेल्या दोघांनी चिनी भाषा आत्मसात केली. कोटणीस पुढे त्याच भाषेत शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले, त्या विषयाचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी सिद्ध केले आणि दुसरे लिहावयास घेतले होते. परदेशी स्वयंसेवेच्या इतिहासात भाषा शिकणे ही गोष्ट दुय्यम समजली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते कोटणीसांच्या कार्यातील ती सर्वांत निर्णायक गोष्ट होय. रणांगणावर शस्त्रक्रिया करणारा परका डॉक्टर निघून गेला की त्याची सुरी त्याच्याबरोबर जाते. स्थानिक भाषेत शिकवलेले विद्यार्थी मागे राहतात.

१९४० मध्ये दोघेही जपानी फळीच्या मागे असलेल्या शान्सी-चाहार-हपै सीमाप्रदेशात गेले. याच प्रदेशात १२ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून रक्तदोषाने मृत्यू पावले होते. शस्त्रक्रियेत बोटाला झालेली जखम चिघळली व ती आटोक्यात आणणारे औषध तेथे नव्हते. या एका मृत्यूवरून त्या भागातील वैद्यकीय साधनांची स्थिती कळते. १९४० च्या मोहिमेत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले व एका प्रसंगी सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक सर्व लेखनात नमूद आहे. बसू येनानला परतले. कोटणीस जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तांग परगण्यातील गगुंग हे खेडे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे; शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेले रुग्ण, आणि हल्ला आला की खेचरांवर लादून डोंगरात हलविता येईल इतकेच सामान.

१९४१ व १९४२ ही वर्षे उत्तर चीनसाठी अत्यंत भीषण होती. सर्व जाळा, सर्वांना मारा, सर्व लुटा, या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या जपानी मोहिमांनी गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. याच काळात, १९४१ च्या अखेरीस, कोटणीसांनी तेथील वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, म्हणून त्याचे नाव यिनहुआ. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. अपस्माराचे झटके वाढत होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जावे असा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. वडील त्यांच्या चीनमधील वास्तव्यातच वारले होते. त्या वेळीही ते घरी गेले नव्हते.

योगक्षेम कोणाचा?

वडिलांच्या मृत्यूनंतरही न परतणे आणि तीन-साडेतीन महिन्यांच्या मुलाला मागे ठेवील अशा आजारात काम न सोडणे, या दोन निर्णयांपाशी स्मृतिपर लेखन थबकते आणि त्याग हा शब्द वापरून पुढे जाते. त्याग हा शब्द खोटा नाही, परंतु तो विचार थांबवितो. त्याग म्हटले की सुख एका पारड्यात आणि कर्तव्य दुसऱ्या पारड्यात असे चित्र डोळ्यांपुढे येते. या चित्रात सुखाची व्याख्या आधीच गृहीत धरलेली असते : घर, प्रकृती, व्यवसाय, प्रतिष्ठा. ते सोडून गेला तो त्यागी.

आपल्याकडे यापेक्षा उपयुक्त असा एक जुना जोडशब्द आहे. योगक्षेम. जे नाही ते मिळविणे म्हणजे योग आणि जे आहे ते राखणे म्हणजे क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकार सांगतात. पत्रांतून कुशल विचारताना आपण क्षेम हा शब्द सहज वापरीत आलो, आणि तो कधी एकट्याचा नसे. घरातील सर्वांचे क्षेम विचारण्याची रीत होती. गगुंगमधील कोटणीसांच्या जीवनाचा विचार या शब्दाच्या साहाय्याने केला, तर ज्यांच्या क्षेमात स्वतःचे क्षेम गुंतलेले आहे अशा माणसांचे वर्तुळ बदलले, असे म्हणता येते. सोलापूरचे घर त्या वर्तुळातून बाहेर गेले असे नव्हे. पण विद्यार्थी, जखमी सैनिक, रुग्णांना आपल्या घरात लपविणारे शेतकरी आणि पुढे पत्नी व मूल हे सर्व त्यात आले. अशा माणसाला परत जा म्हणणे म्हणजे सुखाकडे जा म्हणणे नव्हते. आपल्याच माणसांना सोडून जा, असा त्याचा अर्थ झाला असता.

अर्थात हे विवेचनही पूर्ण समाधान देत नाही, कारण या वर्तुळातील प्रत्येकाने सारखी किंमत मोजली नाही. कुओ छिंगलान वयाच्या पंचविशीच्या आसपास विधवा झाल्या, त्याही युद्धभूमीवर. त्यांनी पुढे पुनर्विवाह केला आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. यिनहुआ वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये, पंचवीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, वारला. सोलापुरातील आईला मुलाचे अखेरचे दर्शन झाले नाही. सेवेचे श्रेय एका नावाशी जोडले जाते. तिचा भार मात्र अनेकांवर, आणि विशेषतः स्त्रियांवर, पडतो. परदेशी स्वयंसेवेच्या आजच्या अभ्यासातही हा भाग फारसा मोजला जात नाही.

स्मरण आणि विस्मरण

ख्वाजा अहमद अब्बास यांचे कोटणीसांवरील इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये आले आणि त्यावर आधारलेला व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ मध्ये. मराठी वाचकाच्या मनातील कोटणीस मुख्यतः या चित्रपटातून आलेले आहेत. चित्रपटाच्या अखेरीस पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन पतीच्या घरी येते. वास्तवात कुओ छिंगलान चीनमध्येच राहिल्या. कलाकृतीला असे स्वातंत्र्य असते, हे मान्य. पण परदेशात गेलेला मुलगा शेवटी कोणत्या तरी रूपाने घरी परत आलाच पाहिजे, ही आपली गरज त्या शेवटातून दिसते. १९६२ च्या युद्धानंतर हे नाव आपल्याकडे काहीसे अवघड झाले. भारतातील बऱ्याच लोकप्रिय लेखनात त्यांच्या पक्षसदस्यत्वाचा उल्लेखच नसतो. उलट चीनमधील स्मरणात ते सदस्यत्व ठळक आणि काँग्रेसचा निधी पुसट असतो. तेथे शीच्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत बेथ्यून यांच्याप्रमाणे कोटणीसांचीही समाधी आहे. २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली कछियांग मुंबईस आले असता कोटणीसांच्या भगिनीस भेटले. सोलापुरातील स्मारक २०१२ पासून खुले आहे. दोन राज्यांच्या संबंधांत एक मृत डॉक्टर गेली अनेक दशके दुभाष्याचे काम करीत आहे. संबंध बरे असतील तेव्हा त्याला बोलावले जाते.

या प्रकाशाच्या बाहेर राहिलेल्या चौघांचा विचार केल्यावाचून पथकाचा इतिहास पुरा होत नाही. चोळकर आणि मुखर्जी परतले, म्हणून त्यांची सेवा अपुरी होती काय? उतारवयात घरदार सोडून कँटन ते येनान हा प्रवास करणाऱ्या नागपूरच्या या डॉक्टरावर मराठीत फारसे लेखन झालेले आढळत नाही. जो मेला तो अमर आणि जो परतला तो अनुल्लेखित, असा हा हिशेब आहे. इतिहासलेखनाने तो स्वीकारण्याचे कारण नाही, कारण त्यामुळे सेवेची कसोटी मृत्यू ठरते. ज्या देशांत आज स्वयंसेवक पाठविले जातात तेथील लोकांना हवे असते ते हौतात्म्य नव्हे. वेळेवर येणारा, काम जाणणारा आणि निघताना ते दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस हवा असतो.

विजयकुमार बसू पथकातील सर्वांत शेवटी, १९४३ मध्ये, भारतात परतले. त्यांच्या दैनंदिनीमुळे पथकाचा सर्वांत सलग वृत्तांत आपणास उपलब्ध झाला आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा चीनला गेले, या वेळी शिकविण्यासाठी नव्हे तर शिकण्यासाठी. तेथील सूचिचिकित्सा आत्मसात करून त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली आणि १९८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत बंगालमधील अनेक डॉक्टरांना शिकविली.